सोफ्यावर झोपणारा नवरा

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात आमच्या बायकांच्या गटाची बैठक होती. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याचा विषय होता आणि तो रंगलाही होता. दिवसभर खुरपून आलेल्या बायका, घरच्यांची जेवणं उरकून समाजमंदिरात जमलेल्या. पण साडेआठ वाजत आले तशी चुळबूळ सुरू झाली. एक उठली, तिच्यामागे दुसरी उठली. शेवटी एक मावशी स्पष्टच म्हणाल्या, "ताई, आता आटपा बाई. सायली वाट बघायली."

सायली म्हणजे 'ठरलं तर मग' या मालिकेची नायिका. ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि बघता बघता घरोघर पोचली. मला राग आला, हे कबूल करते. आपल्या कार्यकर्त्यांचं मालिकांबद्दलचं मत ठरलेलं असतं. सासू-सुनांची भांडणं, भरजरी साड्या, बायकांना पुन्हा उंबऱ्याच्या आत ढकलणारा प्रचार. त्यात खोटं काही नाही. पण समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला पहिला धडा शिकवला होता तो असा, की माणसं जिथे उभी आहेत तिथून सुरुवात करा. त्या रात्री बायका टीव्हीपुढे उभ्या होत्या. मग मीही त्यांच्यामागे गेले.

एका घरात अकरा बायका, चार लेकरं आणि एक टीव्ही. मालिकेची गोष्ट त्यांनीच मला समजावून सांगितली. सायली अनाथाश्रमात वाढलेली. तिला सांभाळणारे मधुभाऊ खुनाच्या आरोपात अडकलेले. अर्जुन वकील. दोघं करार करून लग्न करतात, एका वर्षासाठी. घरच्यांना ठाऊक नाही. आणि मग करारातल्या या नवराबायकोला हळूहळू एकमेकांविषयी ओढ वाटायला लागते.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"अडलंय म्हंजे? ह्यो सांगंना अन् ती बी सांगंना," एक काकू वैतागून म्हणाल्या. "रोज वाटतं आज बोलतील. रोज काहीतरी आडवं येतं."

"मग कामून बघता?"

काकू हसल्या. "बघावं वाटतं म्हून बघतो."

ते 'बघावं वाटतं' माझ्या डोक्यातून जाईना. त्यावरच हा लेख आहे.

ही चाल मराठी मालिकांना नवी नाही. २०१२ मध्ये झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आली. घना आणि राधा पुढे घटस्फोट घ्यायचं ठरवूनच लग्न करतात आणि मग प्रेमात पडतात. २०१३ मध्ये 'जुळून येती रेशीमगाठी' सुरू झाली. मेघनाचं प्रेम दुसऱ्यावर असतं, वडील तिचं लग्न आदित्य देसाईशी लावून देतात. नवऱ्याला हे कळतं तेव्हा तो हात उगारत नाही, तिला माहेरी नेऊन सोडत नाही. उलट तिला तिच्या माणसापर्यंत पोचवण्याचा शब्द देतो आणि थांबतो. दोन वर्षं चाललेल्या या मालिकेत मेघना अखेर त्याच थांबणाऱ्या नवऱ्यावर प्रेम करायला लागते.

या मालिकांत एक दृश्य हमखास असतं. लग्नाची पहिली रात्र. फुलांनी सजवलेली खोली. नवरा उशी आणि पांघरूण उचलतो आणि सोफ्यावर जाऊन झोपतो. नायिकेला म्हणतो, तुझी तयारी होईपर्यंत काही नाही.

पुढच्या बैठकीत मी सातबारा बाजूला ठेवला आणि या दृश्याबद्दल विचारलं. आधी खूप हशा झाला. "आमच्या घरात सोफा कुठाय, ताई? एक खोली, त्यात सासू-सासरे, दीर, ननंद. नवऱ्यानं जाऊन झोपावं कुठं, बैलाजवळ?" हसता हसता एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती बोलायला लागली. लग्नाच्या वेळी ती पंधरा वर्षांची होती. नवऱ्याचा चेहराही तिनं नीट पाहिला नव्हता. त्या रात्री काय होणार हे कुणी सांगितलं नव्हतं. "मला कुणी इचारलंच न्हाई, ताई. त्याला बी कुणी सांगितलं नसंल की इचारावं लागतं." नवरा वाईट आहे असं तिचं म्हणणं नव्हतंच. तिच्या मते तो चांगला आहे, दारू पीत नाही, मारत नाही. पण ज्या काळात दोन माणसं एकमेकांना पारखतात, ओळखतात, लाजतात, रुसतात, तो काळ तिच्या वाट्याला आलाच नाही. दिवस गेले, लेकरू झालं, मग दुसरं झालं. "ह्या टीव्हीवाल्या बाईला लई येळ हाय बघा," ती म्हणाली.

मैत्रिणींनो, मला वाटतं, या मालिकांची ओढ इथे आहे. बंगला, साड्या आणि देखणा नायक हे वरवरचं. बायका तिथे बघतात तो वेळ. 'अजून नाही' असं म्हणता येण्याचा वेळ. आणि 'अजून नाही' म्हटल्यावर आकाश कोसळत नाही, हे दृश्य.

आपल्या जिल्ह्याचा आकडा आपल्याला माहीत आहे, पण या संदर्भात तो पुन्हा बघू या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. राज्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के. जवळजवळ निम्म्या मुलींना जिथे वयात यायलाही वेळ मिळत नाही, तिथे संथ गतीनं फुलणारं प्रेम बघायला रोज रात्री गर्दी होते, यात नवल काय?

आता या मालिकांनी जीव मेटाकुटीला येतो, त्याबद्दल.

काकू म्हणाल्या तसं, रोज काहीतरी आडवं येतं. नायक बोलायला तोंड उघडतो आणि फोन वाजतो. चिठ्ठी लिहितो, ती भलत्याच्या हाती पडते. खलनायिका दाराआड उभी असतेच. यामागे साधा धंदा आहे. मालिकेच्या अध्येमध्ये दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींचा भाव प्रेक्षकसंख्येवर ठरतो. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्याला येतात. आकडे चांगले असतील तर गोष्ट संपवणं कुणालाच परवडत नाही. नायक-नायिकेनं मनातलं बोलून टाकलं तर प्रेक्षकांना उद्या यायचं कारण काय? म्हणून प्रेम पुढे ढकललं जातं. पहिले काही महिने जे थांबणं तिच्या मनाचा मान राखण्यासाठी असतं, ते पुढे साबणाच्या आणि मसाल्याच्या जाहिरातींसाठी असतं. बायकांना हे कळत नाही असं समजू नका. "आता उगं वडायलेत," असं त्या तोंडावर म्हणतात आणि तरी बघतात.

पण माझी खरी तक्रार या ताणण्याबद्दल नाही.

आमच्या किशोरी गटात एक मुलगी होती. दहावी झालेली, सोळा वर्षांची, वाचनाची आवड असलेली. भावाच्या मोबाइलवर ती परदेशी मालिका बघायची. कोरियन, चिनी, तैवानी, जी हिंदीत मिळेल ती. तिनंच मला एकदा एका तैवानी मालिकेचा तुकडा दाखवला. "ताई, ह्यांच्यात लग्न शेवटी असतं," ती म्हणाली. "आपल्यात लग्न आधी असतं अन् प्रेम मागून." वर्षभराच्या प्रशिक्षणात कुणी मला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

मग मीही शोधून दोन तैवानी मालिका पाहिल्या. एक २०११ ची, 'इन टाइम विथ यू'. नायिका तिशीला आलेली, चपला-बूट विकणाऱ्या कंपनीत वरच्या पदावर काम करणारी. शाळेपासूनचा एक मित्र. त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि तो ते कबूल करत नाही. तिथेही प्रेक्षकाला वाटतं, अरे बोल ना एकदाचं! पण ती मालिका तेरा भागांत संपते. आणि या सगळ्या दिरंगाईत नायिकेचं काही अडत नाही. तिचा पगार तिच्या हातात आहे. तिला दुसऱ्या पुरुषाबरोबर हिंडता येतं, त्याला नकार देता येतो. वय वाढल्याबद्दल टोमणे तिलाही ऐकावे लागतात, पण त्यावर तिला उलट बोलता येतं. तैवानमध्ये मुलींचं पहिलं लग्न सरासरी तिशीच्या आसपास होतं. त्यामुळे ही गोष्ट तिथे परीकथा नाही, शेजारच्या मुलीची गोष्ट आहे.

दुसरी २००५ ची, 'इट स्टार्टेड विथ अ किस'. मूळ गोष्ट काओरू तादा या जपानी लेखिकेच्या चित्रकथेवरची. हुशार, थंड स्वभावाचा मुलगा आणि अभ्यासात कच्ची, भाबडी मुलगी. ती चिठ्ठी देते, तो तिचा पाणउतारा करतो. ती वर्षानुवर्षं त्याच्यामागे राहते, त्याचं मन राखते, अपमान गिळते, आणि अखेर तिच्या चिकाटीला फळ येतं. ही मालिका मला सोसली नाही. कारण इथे संथपणाचा सगळा भार मुलीवर आहे. तो कठोर आहे आणि तिनं धीर धरायचा. धीर धरलास तर तो बदलेल, हे तर आपल्याकडच्या प्रत्येक आईनं सासरी जाणाऱ्या मुलीच्या कानात सांगितलेलं असतं. सल्ला घ्यायला आमच्याकडे येणाऱ्या किती बायकांनी या एका वाक्यापायी दहा दहा वर्षं मार खाल्ला आहे!

म्हणजे संथ प्रेम ही गोष्ट आपोआप चांगली नाही आणि वाईटही नाही. बघायचं ते हे की थांबतंय कोण, कुणासाठी, आणि थांबणाऱ्या बाईला उठून जाता येतं का.

हे प्रश्न आपल्या मालिकांना लावून बघा. आपल्याकडे प्रेम सावकाश होतं, पण लग्नानंतर. मेघनाला 'नाही' म्हणण्याची मुभा मिळाली ती लग्न लागून गेल्यावर, तीही नवरा भला निघाला म्हणून. ज्या वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध तिला बोहल्यावर उभं केलं, त्यांची निवड शेवटी बरोबरच ठरते! लग्न कसंही होऊ दे, पुढे प्रेम जुळतंच, हा त्यातून निघणारा अर्थ. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' ही रमाबाई रानड्यांवरची मालिका आली, तीही आमच्याकडे आवडीनं पाहिली गेली. चांगली मालिका होती. रमाबाईंचं लग्न १८७३ मध्ये अकराव्या वर्षी झालं. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवलं आणि त्या मोठ्या झाल्या, हेही खरं. पण एका गावात मुलीचं लग्न थांबवायला गेलो तेव्हा तिचे वडील मला म्हणाले, "लहानपणी लग्न होऊन बायका मोठ्या झाल्याच की. टीव्हीत दावलं नव्हतं का?" काय उत्तर देणार? ज्या घरी मुलगी द्यायची तिथे न्यायमूर्ती रानडे नसतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही.

त्याच काळात रखमाबाईही होत्या, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. सासरी नांदायला गेल्याच नाहीत. नवऱ्यानं १८८४ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. त्यांना कुणी सोफ्यावर झोपणारा नवरा मिळाला नव्हता. 'माझी संमती नाही' हे त्यांनी कोर्टात उभं राहून, समाजाच्या शिव्या खात सांगितलं.

यावर कुणी म्हणेल की तो काळ गेला. गेला का? लग्नाच्या बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही, हा भारतीय दंड विधानातला अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमातही कायम ठेवला गेला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालामुळे एवढं झालं की बायको अठराच्या आतली असेल तर हा अपवाद लागू होत नाही. म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बायकोनं 'अजून नाही' म्हटलं तर ते ऐकायचं की नाही, हे फौजदारी कायद्यानं नवऱ्याच्या मर्जीवर सोडलं आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख आहे आणि त्याखाली संरक्षण मागता येतं, हे आपण गावोगाव सांगितलं पाहिजे. पण तो बलात्काराचा गुन्हा मानला जात नाही. मालिकेतला नायक जेव्हा पांघरूण घेऊन सोफ्यावर जातो, तेव्हा तो आपल्याला देवमाणूस वाटतो, तो यामुळेच. कायद्यानं आणि रीतीनं जे त्याला करावंच लागत नाही, ते तो आपणहून करतो. साध्या माणुसकीला आपण थोरपणा म्हणायला लागलो, कारण ती इतकी दुर्मिळ आहे.

पुन्हा त्या मुलीकडे येते. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी तिचं लग्न ठरलं. आईबाप ऊसतोडीला जाणारे, मुकादमाची उचल घेतलेली. सोळा वर्षांची पोर सहा महिने गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आणि बरोबर न्यायची तर फडावर, कोपीत कुठे सांभाळायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. शिवाय नवऱ्याबरोबर गेली की तिचा वेगळा कोयता होतो, वेगळी उचल मिळते. तारीख कळली तेव्हा मी धावपळ केली, १०९८ ला फोन केला, ग्रामसेवकांना भेटले. साखरपुड्याच्या नावाखाली दुसऱ्या तालुक्यात लग्न उरकलं गेलं.

त्याच्या चार दिवस आधी ती मला भेटली होती. रडली नाही. तिनं एकच विचारलं, "ताई, मालिकेतला नवरा इचारतो. माझ्या नवऱ्यानं न्हाई इचारलं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा माहीत होता, कलमं माहीत होती. तिच्याच वयाला तर कायदा तिच्या बाजूनं होता. पण फडावरच्या कोपीत, रात्री, ती कुणाला हाक मारणार होती?

मैत्रिणींनो, तिचा प्रश्न मी मनातून काढू शकलेले नाही. मालिकेनं तिला एक गोष्ट नक्की दिली होती. विचारलं जायला हवं, हे तिला कळलं होतं. गटात बोलणाऱ्या त्या पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या बाईला हे कळायला तिशी उलटावी लागली. मालिकेचं हे देणं मी नाकारणार नाही. पण विचारलं नाही तर काय करायचं, हे मालिका सांगत नाही. तिथे नवरा नेहमी विचारतोच. तिथून पुढचं काम आपलं आहे.

म्हणून मी आता बैठकीची वेळ बदलली आहे. बायकांना मालिका सोडायला सांगत नाही. महिन्यातून एकदा आम्ही मालिकेवरच बोलतो, आणि किशोरी गटात तीन प्रश्न ठेवतो. या गोष्टीत मुलीला लग्नाआधी कुणी विचारलं का? तिला 'नाही' म्हणायचं असतं तर तिच्याकडे राहायला घर, हातात पैसा, पाठीशी माणूस होतं का? आणि नायक भला नसता तर गोष्ट कशी झाली असती? तिसऱ्या प्रश्नावर मुली सगळ्यात जास्त बोलतात. एकदा मुलग्यांच्या गटातही हे प्रश्न ठेवले. आधी फिदीफिदी हसले. मग एकानं विचारलं, "पण मॅडम, इचारायचं कसं?" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच कुणी शिकवलं नव्हतं.

याखेरीज जी कामं आपण करतोच, ती या प्रश्नाच्या संदर्भात पुन्हा पाहिली पाहिजेत. ऊसतोडीच्या हंगामात मुलींना गावात सुरक्षित राहून शिकता आलं पाहिजे, त्यासाठी वसतिगृहं आणि गावातली निवासाची सोय. दहावीनंतर गावाजवळ शिक्षण आणि तिथवर जायला एसटी. सातबाऱ्यावर नाव. बाईच्या हातात पैसा. वरवर बघता यांचा प्रेमाशी काय संबंध? पण त्या तैवानी नायिकेला तिशीपर्यंत थांबता आलं ते तिच्या पायाखाली जमीन होती म्हणून. आपल्या मुलींना प्रेमाला वेळ हवा असेल तर आधी आयुष्याला वेळ मिळायला हवा.

ती मुलगी उन्हाळ्यात गावी आली तेव्हा भेटली. वाळली होती. हातावर उसाच्या पाल्याचे ओरखडे. पुढच्या वर्षी बाहेरून बारावीचा फॉर्म भरायचा का, म्हणून विचारत होती. आम्ही तो भरायचं ठरवलं. नवऱ्याबद्दल मी काही विचारलं नाही. निघताना तीच म्हणाली, "म्या इचारलं त्याला, ताई. तू मला इचारत कामून न्हाई म्हून."

त्यानं काय उत्तर दिलं, ते तिनं सांगितलं नाही. पण हा प्रश्न तिनं विचारला, आणि तो कुठल्याही मालिकेतल्या नायिकेनं विचारलेला मी पाहिलेला नाही.

तुमच्या गावात, तुमच्या गटात बायका आणि मुली या मालिकांबद्दल काय बोलतात? जरूर लिहून कळवा.